दुःखाची सरकारी नावे : वाशीम जिल्ह्याच्या निमित्ताने

१/२४
महाराष्ट्र विधिमंडळाने १९६३ साली एक विलक्षण कायदा केला. त्याने कोणताही नवा कर बसवला नाही की कोणता गुन्हा ठरवला नाही. राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून एक इंग्रजी शब्द वगळणे, एवढेच त्याचे काम होते. तो शब्द 'फॅमिन', म्हणजे दुष्काळ. कारणही कायद्यातच नमूद आहे. त्याचा आशय असा : टंचाईची चिन्हे दिसताच शासन उपाययोजना करते, त्यामुळे दुष्काळ पडण्यास आता वाव उरलेला नाही आणि म्हणून हा शब्द कालबाह्य झाला आहे. पुढे नऊच वर्षांत, १९७२ साली, काय घडले ते आपण जाणतो.

२/२४
इंग्रजीत वेदना आणि दुःख यांसाठी शब्दांचे भांडार आहे. पेन, एक, सफरिंग, मिझरी, ग्रीफ, अँग्विश, ॲगनी, टॉर्मेंट, डिस्ट्रेस अशी ही यादी बरीच लांबवता येईल. भाषेच्या अभ्यासकासाठी हे वैभव आहे. परंतु हीच भाषा राज्यकारभाराची भाषा झाली, तेव्हा त्यांतल्या काही शब्दांना किंमत आली, तीही अक्षरशः रुपये-आण्यांत. लोकांच्या दुःखाला कोणते नाव दिले जाते, यावर त्यांना काय मिळणार हे ठरू लागले. या थ्रेडमध्ये ही गोष्ट एका जिल्ह्याच्या आधारे पाहू. तो जिल्हा वाशीम. थ्रेड मोठा आहे; सवडीने वाचावा.

३/२४
आधी शब्दांची कुळे पाहू. 'पेन' हा शब्द लॅटिन 'पोएना'पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 'पोएना' म्हणजे दंड, शिक्षा. आपल्या परिचयाच्या 'पीनल कोड'मधील 'पीनल' त्याच कुळातला. 'ॲगनी'च्या मुळाशी ग्रीक 'अगोन' आहे. त्याचा अर्थ झुंज. 'अँग्विश' म्हणजे मुळात अरुंद जागा, कोंडी. 'टॉर्मेंट'मध्ये पिळण्याची कल्पना आहे. 'सफरिंग' म्हणजे एखादी गोष्ट खालून पेलणे, भार वाहणे. 'ग्रीफ'चा मूळ अर्थ जडपणा. प्रत्येक शब्दात दुःखाचे एक चित्र दडलेले आहे : कुणी शिक्षा भोगतो आहे, कुणी झुंजतो आहे, कुणी ओझे वाहतो आहे.

४/२४
इतके शब्द आले कोठून? इंग्लंडच्या इतिहासातून. 'एक' हा जुन्या अँग्लो-सॅक्सन बोलीचा वारसा. १०६६ साली नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकले आणि राजदरबार, न्यायालये व महसूल यांची भाषा फ्रेंच झाली. त्या वाटेने पेन, अँग्विश, ग्रीफ, डिस्ट्रेस आले. पुढे विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीकमधून आणखी भर घातली. शेतकऱ्याचे दुखणे देशी शब्दात आणि सरकारी कागदातले दुःख परक्या शब्दात, ही विभागणी इंग्लंडनेही एके काळी अनुभवलेली आहे. भारतात ती दुसऱ्यांदा घडली.

५/२४
यांतला 'डिस्ट्रेस' हा शब्द आपल्या गोष्टीचा नायक आहे. त्याचे मूळ लॅटिन 'दिस्त्रिंगेरे', म्हणजे ताणून वेगळे करणे, आवळणे. मध्ययुगीन युरोपात थकलेल्या देण्यापोटी माल अडकवून ठेवण्याच्या अधिकाराला हे नाव मिळाले. इंग्रजी कायद्यात 'डिस्ट्रेस' म्हणजे चक्क जप्ती. थकलेल्या भाड्यापोटी घरमालकाने भाडेकरूची चीजवस्तू ताब्यात घ्यावी, त्याला 'डिस्ट्रेस' म्हणत. आणि असा अधिकार ज्या भूभागावर चाले, त्याचे नाव त्याच धातूपासून पडले : 'डिस्ट्रिक्ट'. आपण ज्याला जिल्हा म्हणतो, त्याचे इंग्रजी नाव आणि दुःखाचे इंग्रजी नाव ही एकाच मुळाची दोन फळे आहेत.

६/२४
वऱ्हाडाच्या बाबतीत हा योगायोग फारच बोलका आहे. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी निजामाकडे कंपनी सरकारचे मोठे देणे थकले होते. त्या देण्याची व्यवस्था म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे सोपवला गेला. प्रांताचे अधिकृत इंग्रजी नावच 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असे झाले. असाइन्ड, म्हणजे नेमून दिलेले. कर्जापोटी ताब्यात गेलेल्या या मुलखातला एक जिल्हा म्हणजे 'बासिम'. वाशीम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तालुके. आजचे वाशीम आणि तेव्हाचे बासिम यांच्या सीमा तंतोतंत जुळत नाहीत, हे पुढे वाचताना ध्यानात ठेवावे.

७/२४
इंग्रज अधिकारी येथे आला, तेव्हा मराठीत दुःखाच्या शब्दांचा तुटवडा नव्हता. दाढेला ठणका लागतो, पोटात कळ येते, मुरडा पडतो, पाठीत उसण भरते, बरगडीत चमक निघते, गळू ठसठसते, भाजलेली जागा चुरचुरते. मनाचे शब्द निराळे : हुरहूर, तळमळ, घोर, सल. जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि वाढवलेली दुसरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे वऱ्हाडात ब्रिटिश कारभार स्थिरावला, त्या सुमारास मराठीच्या या सूक्ष्म छटा समजून घेण्याचे साधन छापील स्वरूपात उपलब्ध होते.

८/२४
संस्कृतातून आलेल्या शब्दांची कुळेही पाहण्यासारखी आहेत. 'व्यथा' म्हणजे मुळात थरथर. 'पीडा' म्हणजे दाबले जाणे. 'यातना' म्हणजे केल्या कर्माची परतफेड. हा शब्द 'पोएना'चा जणू सख्खा भाऊ. आणि 'वेदना' आली आहे 'विद्' या धातूपासून, ज्यापासून 'वेद' आला. वेदना म्हणजे जाणीव. जे जाणवते ते. या शब्दात दुखणाऱ्याचे जाणणे हाच पुरावा आहे. दुसऱ्या कुणी ते मोजून प्रमाणित करण्याची अट त्यात नाही. ही बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

९/२४
आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान मानले जाते. त्यांचे चरित्र सांगणाऱ्या 'गुरुचरित्रा'त पोटशूळाने त्रस्त झालेल्या एका ब्राह्मणाची कथा आहे. अन्न पोटात गेले की असह्य वेदना होतात, म्हणून तो जगण्याला विटलेला असतो. गुरू त्याला बोलावून घेतात, विचारपूस करतात आणि ज्या अन्नाची त्याला धास्ती, तेच पोटभर वाढायला लावतात. तो बरा होतो. चमत्काराचा भाग श्रद्धेवर सोडू. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दिसते ते असे की, या कथेत उपचाराची सुरुवात 'तुला काय होते आहे?' या प्रश्नाने होते आणि उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवला जातो.

१०/२४
सामूहिक दुःखाचेही असेच. इंग्रजी 'फॅमिन'च्या मुळाशी लॅटिन 'फामेस' आहे, म्हणजे भूक. संकटाची जागा पोटात. मराठी 'दुष्काळ' म्हणजे वाईट काळ. त्यात पाऊस, चारा, पाणी, लग्नकार्ये, नातीगोती सगळेच आले. जुना शब्द 'दुर्भिक्ष' तर आणखी नेमका : भिक्षाही मिळणे दुर्घट होते, तो काळ. म्हणजे संकटाची खूण बाजारभाव नव्हे. दाराशी आलेल्याला मूठभर धान्य घालण्याची ताकद संपणे, ही ती खूण. महाराष्ट्राच्या स्मृतीत १३९६ पासून बारा वर्षे चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ कोरलेला आहे. लोकांनी दुष्काळांना माणसांसारखी नावेही दिली.

११/२४
आता इंग्रजी शब्दांकडे परत येऊ. १८७४ साली बिहारमध्ये दुष्काळाची चाहूल लागली. सर रिचर्ड टेंपल यांनी मोठ्या प्रमाणावर तांदूळ आयात केला आणि मनुष्यहानी जवळपास टळली. त्याबद्दल त्यांना कौतुकापेक्षा उधळपट्टीचा ठपकाच अधिक मिळाला. १८७७ साली मद्रास-मुंबईकडील भीषण दुष्काळात तेच टेंपल काटकसरीचे दूत बनून आले. कामावरच्या मजुराची रोजी त्यांनी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. इतिहासात ती 'टेंपल वेज' म्हणून कुप्रसिद्ध आहे. हे टेंपल १८६७ साली काही काळ हैदराबादचे रेसिडेंट होते, म्हणजे वऱ्हाडचा कारभारही तेव्हा त्यांच्याच देखरेखीखाली होता.

१२/२४
त्या दुष्काळात लाखो माणसे मेली. त्यानंतर सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. त्याचा अहवाल १८८० साली आला आणि १८८३ साली नमुना दुष्काळ संहिता तयार झाली. येथे शब्दांची शिडी उभी राहिली. खालची पायरी टंचाईच्या उंबरठ्याची, मधली 'स्कॅर्सिटी' म्हणजे टंचाईची, वरची 'फॅमिन' म्हणजे दुष्काळाची. कोणती पायरी, हे ठरवण्यासाठी खुणा नेमल्या गेल्या : पीक किती बुडाले, भाव किती चढले, माणसे गाव सोडून भटकू लागली का, मृत्यू वाढले का. पायरी बदलली की खर्चाची मंजुरी बदलत असे.

१३/२४
आणि 'डिस्ट्रेस'? तो या शिडीचा कस होता. लोक खरोखर संकटात आहेत की नाहीत, हे तपासण्यासाठी आधी 'टेस्ट वर्क्स', म्हणजे चाचणीची कामे उघडत. अवजड काम, तुटपुंजी मजुरी. खडी फोडायला माणसे आली, तर संकट खरे. आली नाहीत, तर अजून वेळ आहे. काही ठिकाणी मुद्दाम लांबवर काम काढून तेथवर चालत येण्याची अट घालत. जो अंगाने थकला होता, त्यानेच आपला थकवा दगडावर सिद्ध करून दाखवायचा, अशी ही रीत. 'वेदना' या शब्दातली जाणीव येथे पुरावा म्हणून चालत नव्हती.

१४/२४
न्याय्य बुद्धीने हेही नोंदवले पाहिजे की या संहितेने काही चांगलेही केले. त्यापूर्वी मदत मिळणे न मिळणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. आता निदान नियम होते, पूर्वतयारीची जबाबदारी नेमलेली होती, निराधार आणि अपंगांसाठी कामाविना मदतीची तरतूद होती. दोष शिडी असण्यात नव्हता. दोष असा की शिडीची किल्ली तिजोरीकडे होती. वरची पायरी जाहीर करणे म्हणजे खर्च मान्य करणे. म्हणून खालचा शब्द वापरत राहण्याचा मोह कायमचा.

१५/२४
'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण सर्वश्रुत आहे. काळी कसदार जमीन, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) कापसाला आलेला भाव, पाठोपाठ आलेली रेल्वे. या सगळ्यामुळे हा प्रांत सधन मानला जाई. परंतु कापूस वाढला, तसे शेतकऱ्याचे घर बाजाराशी आणि सावकाराच्या वहीशी अधिक घट्ट बांधले गेले. घरात दाणे असण्याऐवजी हातात पैसे असावेत, ही नवी घडी चांगल्या सालात लाभाची होती. वाईट सालात पैसेही नसत आणि दाणेही.

१६/२४
ते वाईट साल आले. १८९६-९७ च्या दुष्काळाने देशाचा मोठा भाग खिळखिळा केला होता. त्यातून सावरण्यापूर्वीच १८९९ साली पश्चिम आणि मध्य भारतात पावसाने पाठ फिरवली. राजस्थान-गुजरातमध्ये लोक त्याला आजही विक्रम संवत् १९५६ वरून 'छप्पनिया' म्हणतात. वऱ्हाडही त्या पट्ट्यात सापडला. खरिपाची ज्वारी गेली, कापूस गेला, चारा गेला. बैल मेला की पुढच्या पावसाळ्याची पेरणीही मेली. उपासमारीने पोखरलेल्या शरीरांवर कॉलरा आणि तापाचे घाव पडले.

१७/२४
१९०१ च्या जनगणनेत बासिम जिल्ह्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत ती सुमारे ११ टक्क्यांनी कमी होती. कारण म्हणून नोंद झाली ती दुष्काळाची. म्हणजे चाळीस हजारांहून अधिक माणसांची तूट. ही सगळी मृत्यूंचीच संख्या नव्हे. काही गाव सोडून गेले, काही जन्मलेच नाहीत. परंतु एका जिल्ह्यातून दर नऊ माणसांमागे एक वजा होणे, हे एका टक्केवारीत मावणारे दुःख नव्हते. छापील पानावर मात्र त्याला एका ओळीचीच जागा मिळाली.

१८/२४
१९०२ साली वऱ्हाड ब्रिटिशांना कायमच्या भाडेपट्ट्याने मिळाला. वर्षाचा मोबदला २५ लाख रुपये. १९०३ साली त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ च्या फेररचनेत बासिम जिल्हाच रद्द झाला आणि त्याचे तालुके अकोला व यवतमाळ यांच्यात वाटले गेले. हे दुष्काळामुळे झाले असे म्हणता येणार नाही, ती प्रशासकीय सोय होती. परंतु परिणाम असा झाला की, ज्या जिल्ह्याच्या नावे हानीची नोंद झाली होती, तो जिल्हाच पुढच्या जनगणनेच्या तक्त्यात राहिला नाही. 'डिस्ट्रिक्ट' पुसला गेला. 'डिस्ट्रेस' माणसांकडे उरला.

१९/२४
आता पुन्हा १९६३ कडे येऊ. 'फॅमिन' वगळला गेला आणि सरकारी व्यवहारात उरली 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई. शिडीची वरची पायरीच काढून घेतली गेली. स्वतंत्र राज्याचा यामागचा अभिमान समजण्यासारखा आहे. 'दुष्काळ' हा गुलामीच्या काळाचा शब्द, तो आपल्या राज्यात नको, अशी ती भावना. परंतु १९७२-७३ मध्ये महाराष्ट्र होरपळला, तेव्हा खेड्यापाड्यांत कुणीही त्याला 'बहात्तरची टंचाई' म्हटले नाही. आजही घरोघरी तो 'बहात्तरचा दुष्काळ' आहे. कायद्याने शब्द काढला. लोकांनी तो जपला.

२०/२४
त्या वेळी मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. त्यांचे गाव गहुली, तालुका पुसद. म्हणजे जुन्या बासिम जिल्ह्याचाच भाग. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी तीच, फावडे तेच. परंतु यातून एक नवी गोष्ट उभी राहिली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना पुढे १९७७ च्या कायद्यात उतरली आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. 'रिलीफ' म्हणजे वरून खाली दिलेला दिलासा. 'हमी' म्हणजे मागणाऱ्याचा हक्क. शब्द बदलला आणि या वेळी तो लोकांच्या बाजूने बदलला.

२१/२४
शब्दांची शिडी मात्र गेली नाही, ती मराठीत आली. पूर्वीची आणेवारी, आताची पैसेवारी. पिकाची पैसेवारी पन्नासच्या वर की खाली, यावर गावाच्या सवलती ठरत आल्या. मग 'दुष्काळसदृश परिस्थिती' हा शब्दप्रयोग रूढ झाला. सदृश म्हणजे सारखा दिसणारा. दुष्काळासारखे आहे, पण दुष्काळ नव्हे. हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर मे २०१६ मध्ये शासनाने २९ हजारांहून अधिक गावांबाबत 'दुष्काळसदृश' ऐवजी 'दुष्काळ' असे वाचावे, असा बदल केला. पाऊस आधीच गेला होता. वादाचा विषय एक प्रत्यय होता.

२२/२४
१ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. बरोबर आठ वर्षांनी, १ जुलै २००६ रोजी, पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कारण होते शेतकरी आत्महत्या. त्या सहांत वाशीम होता. अहवालांत इंग्रजी शब्द परतला : 'डिस्ट्रेस'. मराठीत त्यासाठी शब्द आला 'तणावग्रस्त'. ताण म्हणजे ओढले जाणे, 'दिस्त्रिंगेरे'चाच अर्थ. हे भाषांतर नकळत मुळाशी पोहोचले होते. आणि कर्ज, थकबाकी, जप्तीची भीती हे त्या शब्दाचे जुने सोबतीही तेथे हजर होते.

२३/२४
मदतीच्या नियमांत दोन शब्द निर्णायक ठरले : 'पात्र' आणि 'अपात्र'. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या नावे जमीन होती का, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, परतफेडीचा तगादा होता का, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती पाहते. पात्र ठरल्यास कुटुंबाला एक लाख रुपये : तीस हजार हाती, उरलेले ठेवीत. जमीन सासऱ्यांच्या नावे असेल, कर्ज नातलगाकडचे असेल, तर तेच दुःख 'अपात्र' ठरू शकते. सार्वजनिक पैशाला निकष लागतात, हे मान्यच आहे. परंतु 'अपात्र' हा शेरा अर्जावर पडतो आणि ऐकावा लागतो तो घरातल्या माणसांना. निदान त्यांना काय झाले हे विचारणारी एक ओळ त्या कागदावर असावी, इतकी अपेक्षा अवाजवी नाही.

२४/२४
इतिहास वाचताना आपण सनावळ्या आणि लढाया पाहतो. शब्द नुसते वाचून पुढे जातो. यापुढे 'टंचाई', 'दुष्काळसदृश', 'तणावग्रस्त', 'अपात्र' यांपैकी एखादा शब्द बातमीत किंवा शासननिर्णयात दिसला, तर क्षणभर थांबावे. तो कुणी निवडला, त्याच्या वरच्या पायरीचा शब्द कोणता होता आणि तो का टाळला गेला, हे विचारावे. आणि घरी आजी-आजोबा असतील, तर बहात्तर साली आपल्या गावात काय काय झाले, ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. सरकारी दप्तरात एक शब्द असतो. त्यांच्याकडे त्याच दिवसांसाठी कितीतरी असतील. आपल्या भागातला असा एखादा शब्द ठाऊक असल्यास खाली अवश्य लिहा. थ्रेड येथे पूर्ण करतो.